दुपारी पोरगी, सांजेला म्हातारी

लोणारच्या बसस्टँडकडून बाजाराकडे वळलं की डाव्या हाताला गफ्फारचं दुकान लागायचं. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली. बाहेर दोन भोंगे उलटे टांगलेले, आत फळीवर लाउडस्पीकरचं मशीन, तारांची भेंडोळी आणि अ‍ॅसिडचा आंबूस वास. लग्न असो, उरूस असो, सप्ताह असो की निवडणुकीची सभा, आसपासच्या खेड्यांत आवाज लागायचा तो गफ्फारचाच. माणूस बोलायला कमी, पण कानाचा तिखट. पंगतीला बसलेला असला आणि भोंग्यात जराशी खरखर झाली, की हातातला घास ताटात टाकून उठायचा. त्याची बायको सरवरी म्हणायची, "ह्यांचं पोट उपाशी राह्यलं तरी चालते, कान उपाशी नाई चालत."

त्याचा बाप कलईवाला. भांडी गोळा करत गावोगाव हिंडणारा. गफ्फारला त्या भात्यात रस नव्हता. गावात तंबूतला सिनेमा आला आणि तंबू उठला तेव्हा हा पोरगाही त्याच्याबरोबर उठला. इंजिनात तेल घालायचं काम मिळालं, आणि तेल घालता घालता तो रहेमतुल्ला उस्तादांच्या हाताखाली आवाजाचं काम शिकला. पुढं तंबूच्या मालकानं धंदा मोडला. उस्ताद जालन्याला जाऊन रेडिओ दुरुस्त करायला लागले, आणि गफ्फार लोणारला परत आला तो दोन भोंगे, एक जुनं मशीन आणि लॉरीच्या बॅटऱ्या घेऊन.

तेव्हा विजेचं नाव नव्हतं. सगळं काम बॅटरीवर. बैलगाडीत कडबा पसरायचा, त्यावर बॅटऱ्या ठेवायच्या आणि अ‍ॅसिड सांडू नये म्हणून गाडीवानाला दर खाचेला हाका मारायच्या. महाराष्ट्र झाला, त्यामागून काही सालांत विजेचे खांब आले. गफ्फारला वाटलं, आपले पांग फिटले. त्यानं बॅटऱ्या घराच्या मागच्या पडवीत नेऊन टाकल्या. आता खांबावरून तार आणायची, मशीनला जोडायची आणि निवांत बसायचं.

सरवरीनं मात्र त्या बॅटऱ्यांकडे पाठ फिरवली नाही. त्यांतलं पाणी आटलं की ती डिस्टिल वॉटर घालायची, तोंडावर आलेली हिरवी बुरशी गरम पाण्यानं धुवायची आणि अधूनमधून नवऱ्याच्या मागं लागून त्या चार्ज करून घ्यायची. गफ्फार वैतागायचा. "काऊन त्यायच्या मागं लागते? जमाना गेला त्यायचा."

"दावणीला जनावर बांधून ठेवलं, त चारा टाकाच लागते," एवढंच ती म्हणायची.

वीज आली खरी, पण तिच्या तऱ्हा माणसाच्या वर होत्या. सकाळी दिवा लख्ख. संध्याकाळ झाली की त्यातली तार नुसती लालसर व्हायची, कंदिलाला लाजेल अशी. मध्येच डोळा मारल्यासारखी जायची न् यायची. कधी तासन्‌तास गायब. लोक हसून घ्यायचे, पण गफ्फारला ते हसण्यावारी नेता येत नव्हतं. संध्याकाळच्या लग्नात मंगलाष्टकं भोंग्यातून आजाऱ्यासारखी यायला लागली होती.

अशात दिवाळीच्या सुट्टीत सिंधूताई त्याच्या दुकानात आल्या. सिंधूताई चिखलीला मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. माहेर सुलतानपूरचं. शाळेला कुणा देणगीदारानं टेपरेकॉर्डर दिला होता, दोन मोठ्या चकत्या फिरणारा, हिरवा डोळा असलेला. तो त्यांनी सुट्टीपुरता मागून आणला होता.

"गफ्फारभाई, आमच्या केसरआत्याच्या ओव्या भरून घ्यायच्यात," त्या म्हणाल्या. "घरात नुसते दिवे आहेत, मशीन लावायला जागा नाही. तुम्ही येऊन तार जोडून द्याल का?"

केसरबाईंचं नाव गफ्फारला ठाऊक होतं. सुलतानपूरच्या कुठल्याही लग्नात हळद दळायला पहिली हाक त्यांना जायची. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतल्या, भावाच्या घरात राबल्या, आता भाच्याच्या, म्हणजे सिंधूताईंचा भाऊ निवृत्ती याच्या संसारात होत्या. शेजारीच विजेची गिरणी निघाल्यापासून घरचं जातं बरंचसं मुकं झालं होतं. केसरबाईंना दमा होता. सिंधूताईंच्या मनात काय भीती होती ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, आणि गफ्फारनं विचारलं नाही.

तो गेला. ओसरीत जात्याजवळ मशीन मांडलं. केसरबाई पदर खोचून संशयानं बघत होत्या.

"आवाज डब्यात भरून काय करतं वं सिंधू? लोणचं घालतं?"

"ठेवायचा, आत्या. पुढं ऐकायला."

"मी काय उद्या मरून राह्यली?" असं म्हणत त्या जात्यापाशी बसल्या. दिवसभर कापूस वेचून आलेल्या, त्यामुळं वेळ दिवेलागणीचीच मिळाली. ज्वारीचा घास जात्यात पडला, खुंटा फिरायला लागला आणि बाईंचा आवाज उठला.

*एका जात्याचा खुंटा, दोघी बहिनींच्या मुठी,*
*पीठ एकाच सुपात, नशिबाच्या न्याऱ्या गाठी.*

गफ्फारनं आजवर कितीतरी गळे भोंग्यातून सोडले होते. हा आवाज जाडसर, किंचित फाटलेला, पण जात्याच्या घरघरीवर असा बसायचा की दगड कुठला आणि गळा कुठला ते कळू नये. मध्ये एकदा दिव्यानं डोळा मारला, मशीन क्षणभर थांबून पुन्हा फिरलं. शेजारच्या गिरणीची मोटर सुरू झाली तसा हिरवा डोळा जरा थरथरला. पण ओव्या झाल्या. सुरुवातीच्या दोन ओव्या लगेच लावून ऐकल्या, हुबेहूब केसरबाई. ओसरीत जमलेल्या बायांनी तोंडाला पदर लावले. गफ्फार शेवटच्या बसनं समाधानानं घरी आला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. मशीन बिघडलं, लगेच या.

झालं होतं असं, की दुपारी सिंधूताईंनी शेजारणींना ऐकवायला म्हणून टेप लावला, तर आतून केसरबाई बोलेचनात. चौदा-पंधरा वर्षांची कुणी पोर घाईघाईनं, चिरक्या गोड आवाजात त्याच ओव्या गात होती. एका ओवीत मधला तुकडाच नव्हता, आणि एका जागी कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येत होता. बाया हसून हसून लोटपोट झाल्या. केसरबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "पुन्हा लाव." आणि ते झाल्यावर, "अजून एकदा."

गफ्फार पोचला तेव्हा दिवे लागले होते. त्यानं टेप लावला. तुटलेला तुकडा न् तडतड तशीच होती, पण आवाज? हुबेहूब केसरबाई.

"मशीन तं चांगली हाये, बाई."

"दुपारी असं नव्हतं हो!" सिंधूताई रडकुंडीला आल्या. गफ्फार मुक्कामाला राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी लावलं, तर पुन्हा पोरगी. त्यानं मशीन उघडून बघितलं, पट्टा बघितला, चकत्या पुसल्या. काही सापडेना.

खांबाला टेकून बसलेल्या केसरबाईच मग बोलल्या. "दुपारी पोरगी गाते, सांजीले म्हातारी. गाणं तेच."

गफ्फारनं मान वर करून दिव्याकडे पाहिलं. भर दुपारी पेटवला, तर तो पांढराशुभ्र. त्याला आदल्या संध्याकाळची लालसर तार आठवली, आणि डोक्यात लख्खकन् उजेड पडला.

"बाई, मशीनची चूक नाई. लाइनची हाये." त्यानं सिंधूताईंना सांगितलं. "सांजीले व्होल्टेज पडते, तं आतली मोटर दमते, हळू फिरते. हळू फिरत असताना आपण आवाज भरला. तेवढ्याच हळू लावला, तं बरोबर वाटते. दुपारी मोटर पळते, तं भरलेला आवाज बी पळते. म्हणून पोरगी."

"आणि तो मधला तुकडा?"

"दिवा गेला न् आला, तेव्हा. चकत्या लगेच फिरल्या, पण आतले व्हॉल्व्ह थंडे झाले होते. ते तापेपर्यंत आवाज उमटला नाई. न् ती तडतड गिरणीची. मोटर सुरू होते तेव्हा ठिणग्या पडतात, त्या तारेतून आपल्या मशीनीत येतात."

लाइनचं सगळं आजारपण त्या एका टेपवर उमटलं होतं, आणि ओव्यांच्या नावानं सिंधूताईंनी ते जपून ठेवलं होतं.

गावाचा वायरमन जानराव. गफ्फारनं त्याला खांबाखालीच गाठलं. जानरावनं हात जोडले. "मी काय करू, गफ्फारभाई? पाटाचं पाणी देते ना माणूस, तसं हाये हे. पह्यल्या वाफ्यावाल्यानं मन भरून घेतलं, की शेवटच्या वाफ्यात वल बी पोचत नाई. आपलं सुलतानपूर तारेच्या टोकाले. गव्हाचे दिवस, सांजीले सगळे मोटरी चालू करतात."

मग गफ्फारनं घाई केली. त्याच्याकडे व्होल्टेज चढवायचा ट्रान्सफॉर्मर होता, हातानं बटण फिरवून दाब वाढवायचा. संध्याकाळी तो मशीनला लावला, काट्यावर नजर ठेवून बटण वर वर नेलं. मोटर नीट फिरायला लागली. चकती चढवायची होती, तोवर केसरबाईंनी पहिला घास घातला. आणि तेवढ्यात शिवारात कुठंतरी फ्यूज गेला, निम्म्या विहिरींवरच्या मोटरी एकदम बंद पडल्या, आणि इतका वेळ उपाशी असलेली लाइन धाडकन् भरून आली. गफ्फारचं बटण वरच होतं. दिवा असा भडकला की बायांनी डोळे मिटले. मशीनच्या पाठीतून धूर निघाला.

गफ्फारनं वायर हिसकली, पण हिरवा डोळा विझला होता.

शाळेचं मशीन. सिंधूताईंनी ते पदरानं नुसतं पुसलं, आणि तेच त्याला जास्त लागलं. केसरबाईंनी पाण्याचा तांब्या आणून त्याच्या पुढ्यात ठेवला. "पी रे बापा. तूं काय मुद्दाम जाळलं?"

"जळलं तं माह्याच हातानं ना, मावशी," तो म्हणाला. रात्री घरी येऊन जेवला नाही. पहाटेच्या बसनं मशीन घोंगडीत गुंडाळून जालन्याला निघाला.

रहेमतुल्ला उस्ताद आता थकले होते. एका डोळ्यानं बघायचे, पण हात तसाच. त्यांनी मशीन उघडलं, आतल्या तारेची काळी पडलेली गुंडाळी नाकाशी नेऊन हुंगली आणि नुसतं "हं" केलं. गुंडाळी भरून होईतो गफ्फार त्यांच्यासमोर उकिडवा बसून होता. सगळी हकीगत सांगून झाल्यावर उस्ताद म्हणाले, "बेटा, तुझ्या घरी पाण्याचा नळ आहे?"

"नाई. गल्लीच्या तोंडाशी हाये."

"तो कधी करंगळीएवढा येतो, कधी येतच नाही, कधी इतक्या जोरात येतो की घागर उडते. मग सरवरी काय करते? नळाला तोंड लावून पिते?"

"रांजण भरून ठेवते."

"आणि रांजणातून घेताना कुणाला कळतं का, नळ चालू आहे की बंद?"

गफ्फार उकिडवा होता तो मांडी घालून बसला.

"लाइन बॅटरीला दे," उस्ताद सावकाश बोलले. "येईल तशी येऊ दे, कमी, जास्ती, तुटक. चार्जरमधून ती बॅटरीत पडत राहू दे. आणि मशीनला फक्त बॅटरीतून दे. मशीनचा आणि लाइनचा थेट संबंध ठेवू नको. लाइन गेली तरी त्याला कळणार नाही. तंबूत असताना आपण काय करत होतो? इंजिन अडखळलं तर पडद्यामागचा आवाज बॅटरीवर नव्हता का?"

"पण हे मशीन बॅटरीवर चालत नाई, उस्ताद. याले खांबावरची वीज लागते."

तेव्हा उस्तादांनी खाटेखालून एक जड लोखंडी नळकांडं ओढून काढलं. लष्कराच्या भंगारातून आलेलं फिरतं यंत्र. एका टोकाला बॅटरी जोडली की आतला आस फिरायचा, आणि दुसऱ्या टोकातून खांबावरच्यासारखी वीज निघायची. "घेऊन जा. काम झालं की आणून दे. पण ध्यानात ठेव, रांजण म्हणजे विहीर नाही. उपसत राहिलास तर तळ दिसतो."

घरी येऊन गफ्फार थेट पडवीत गेला. इतकी वर्षं टाकून दिलेल्या बॅटऱ्या, आत गाळ झाला असेल, पत्रे सडले असतील. त्यानं एकेकीला मीटरचा काटा लावून बघितला. काटा वर गेला. दुसरीलाही गेला. तो तिथंच भिंतीला टेकून बसला. सरवरी चुलीपुढून बघत होती.

"जित्या हायेत," तो म्हणाला.

"मंग? मेल्या असत्या तं मी पाणी कोनाले घातलं?"

तो उठला आणि तिच्या हातातली फुंकणी घेऊन चूल फुंकायला बसला. सरवरीनं डोळे पुसले. धुरानं असतील.

सुलतानपूरला त्यानं सगळी मांडामांड दिवसाउजेडी केली. फिरतं यंत्र घुमायचं, म्हणून ते लांब गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांआड ठेवलं. बॅटऱ्या तिथंच, चार्जर तिथंच. तिथून वायर ओसरीपर्यंत. निवृत्तीची म्हैस दिवसभर त्या नळकांड्याकडे कान टवकारून उभी होती.

अडचण आली ती वेगळीच. सिंधूताईंनी जुनी चकती मशीनवर चढवली. तीच पुसून तिच्यावर नव्यानं भरायचं ठरलं होतं. केसरबाईंनी पुढं होऊन चकतीवर हात ठेवला.

"याच्यावर नको."

"आत्या, ते बिघडलेलं आहे. हसतात बाया."

"हसू दे. याच्यावर नको, सिंधू."

गफ्फारलाही ती चकती पुसली जावी असं मनापासून वाटत होतं. त्याच्या कामातली खोट होती ती, कुणाच्या कानावर पुन्हा पडायला नको. "मावशी, आज चांगलं भरतो. तुमचा खरा आवाज."

केसरबाई जात्याच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "माह्या आवाजासाठी नाई ठेवून राह्यली. ती अन्नी हाये."

सिंधूताईंच्या हातातली वायर खाली आली. अन्नपूर्णा, त्यांची धाकटी आत्या. त्यांचा जन्म व्हायच्या आधीच गेलेली. वडील कधीतरी सणाला नाव काढायचे, तेवढंच.

"माह्याहून लहान. याच जात्यावर समोरासमोर बसायचो. माहा गळा जाड, तिचा बारीक. लगीन झालं न् दुसऱ्याच साली तापानं गेली. शेवटी भेट बी नाई." केसरबाई पदराची कड बोटाला गुंडाळत होत्या. "तोंड आठवते मले तिचं. आवाज इसरली होती. किती बी आठवला तरी येत नव्हता. त्या दुपारी मशीनीतून एकदम आला. म्हनून पुन्हा लाव म्हनलं."

गोठ्यात म्हशीची साखळी वाजली.

पण दुसरी कोरी चकती नव्हती. सिंधूताईंच्या पिशवीत आणखी एकच होती, आणि तिच्यावर शाळेच्या स्नेहसंमेलनाला आलेल्या प्रमुख पाहुण्यांचं शिस्तीवरचं लांबलचक भाषण होतं. सिंधूताईंनी ती चकती काढली, दोन्ही हातांत धरून जरा वेळ बघितली.

"पुसलं तर चालते का, बाई?" गफ्फारनं विचारलं.

"चालणार नाही," सिंधूताई म्हणाल्या. "लावा."

संध्याकाळ झाली. दिव्याची तार लालसर पडली, जशी रोज पडायची. ओसरीत सगळे त्याच मंद उजेडात बसले, पण मशीनचा हिरवा डोळा दुपारसारखा टपोरा होता. केसरबाईंनी डोळे मिटून खुंटा धरला.

*लोणाराच्या वाटेला, बाभळीची दाट साऊली,*
*लेक निघाली सासराला, मागं उभी तिची माऊली.*

गिरणी सुरू झाली. हिरवा डोळा थरथरला नाही. मग दिवा गेला. आधी फडफडला आणि मग सगळं गाव एकदम काळोखात गेलं. गिरणीची घरघर घसरत घसरत थांबली. बाहेर पोरांनी आरोळी ठोकली. गफ्फारनं मशीनकडे पाहिलं. पण हिरवा डोळा तसाच उघडा होता, चकत्या एका चालीनं फिरत होत्या, आणि केसरबाईंना काहीच कळलं नव्हतं. जन्मभर पहाटेच्या अंधारात दळलेली बाई, तिला दिव्याचं काय! ओवीमागून ओवी येत राहिली. गफ्फार अंधारात बसून ऐकत होता. आजवर लोकांच्या कार्यात तो आवाजाकडे लक्ष द्यायचा, बोलण्याकडे नाही. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं शब्द ऐकले.

लावून ऐकवलं तेव्हा केसरबाई कंदिलाच्या उजेडात मान तिरकी करून बसल्या होत्या. आवाजात दम्याची घरघर स्पष्ट होती, मध्ये एकदा ठसका लागला होता तोही होता.

"एवढी थकली का वं मी?" त्या म्हणाल्या. मग, "थकली खरी. हे खरं हाये." आणि मशीनला हात लावून, मुलाच्या गालाला लावावा तसा, म्हणाल्या, "ठेव हे सिंधू. हे तुले."

गफ्फार सामान आवरायला उठला, पण त्याचं मन निघत नव्हतं. त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. अन्नीचा आवाज फक्त दुपारी येत होता. लाइन पडली की ती पुन्हा म्हातारी व्हायची. उद्या सिंधूताई टेप लावतील, लाइन कशी असेल कुणी सांगावं. बॅटरीवर मात्र मशीन दुपारसारखंच पळणार होतं. त्यानं बॅटऱ्यांना काटा लावून बघितला. थोडं बळ शिल्लक होतं, आणि लाइन परत आली की चार्जर पहाटेपर्यंत आणखी घालणार होता.

"मावशी, उद्या सकाळी एक काम करू," तो म्हणाला. "अन्नीबाईले लावतो. तुम्ही जात्यावर बसा."

दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी चकती चढवली. केसरबाई जात्याशी बसल्या. खुंट्याचा वरचा भाग त्यांनी धरला, खालचा मोकळा ठेवला. चकती फिरली, आणि ती पोरगी गायला लागली, घाईघाईनं. केसरबाईंनी आपला जाडा आवाज तिच्यात मिसळला. चाल जमेना. पोरगी पुढं, म्हातारी मागं. केसरबाईंनी जातं जोरात फिरवलं, धाप लागली, आणि त्या एकदम हसल्या, दात पडलेल्या तोंडानं, मोठ्यानं.

"पाह्य! पाह्य! अशीच पुढं पळायची मेली! हळू म्हटलं तरी ऐकत नव्हती!"

आणि मग तो तुटलेला तुकडा आला. पोरीचा आवाज मध्येच गप्प झाला. केसरबाई थांबल्या नाहीत. तेवढी अर्धी ओळ त्या एकट्याच गायल्या, स्वच्छ, सावकाश. पुढच्या शब्दाला पोरगी परत आली.

सिंधूताई तोंड फिरवून अंगणात गेल्या. गफ्फारनं काट्याकडे बघायचं सोडलं नाही, पण त्याला आकडे दिसत नव्हते.

त्यानंतर केसरबाई आणखी काही हिवाळे जगल्या. सिंधूताई सुट्टीला मशीन आणायच्या, आणि गफ्फार एस.टी.च्या टपावर बॅटऱ्या बांधून सुलतानपूरला उतरायचा. उस्तादांनी ते फिरतं यंत्र परत घेतलंच नाही. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाची चौकशी शाळेत एकदा झाली. सिंधूताईंनी वीज गेल्याचं कारण सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं.

केसरबाई गेल्या त्या साली एक अभ्यासक ओव्यांच्या शोधात चिखलीला आले. सिंधूताईंनी दोन्ही चकत्या ऐकवल्या. थकलेल्या आवाजाच्या चकतीची त्यांनी आनंदानं नक्कल करून नेली. दुसरी ऐकून त्यांनी विचारलं, "ही मुलगी कोण?" सिंधूताई म्हणाल्या, "माझी धाकटी आत्या." गफ्फारला हे कळलं तेव्हा त्यानं नुसती मान हलवली.

त्याच्या धंद्यात मात्र फरक पडला. लग्नात तो आता लाइन थेट मशीनला लावत नसे. मध्ये बॅटरी हवीच. गावातली वीज जायची, मांडव काळाकुट्ट व्हायचा आणि मंगलाष्टकं चालू राहायची. भटजी दचकून थांबले तर गफ्फार मागून म्हणायचा, "चालू द्या महाराज, भोंगा जिता हाये." लोक त्याच्या त्या जोडणीला 'न तुटणारी लाइन' म्हणायला लागले. त्याला ते नाव आवडायचं नाही.

दवाखान्यात नवे डॉक्टर आले, त्यांनीही त्याला बोलावून घेतलं. बाळंतपणाच्या खोलीतला दिवा ऐन वेळी जातो, तुमची ती जोडणी इथं करून द्या, म्हणाले. गफ्फारनं दिवसभर खपून दिवा जोडला, लाइन बंद करून दाखवला, पुन्हा चालू करून दाखवला. दिवा हलला नाही. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "आता काळजी नाही."

"काळजी हाये, साहेब," गफ्फार म्हणाला. "हे अडल्या वेळेपुरतं. रोज पाणी पाहायला लागते, अन् लाइन लई वेळ गेली तं हे बी थकते. कंदील भरून, काच पुसून, इथंच खिळ्याला लटकवून ठेवा."

आणि डॉक्टरांनी माणूस पाठवायच्या आत तो स्वतःच खिळा ठोकायला उठला.